डायल रंगवू नका

एचएमटीची ‘जनता’ आणि ‘पायलट’ शेजारी ठेवून मागची झाकणं उघडली, तर आत मशीन सारखंच. हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेलचं, मूळ आराखडा जपानच्या सिटिझनचा. १९६१ साली सिटिझनच्याच सहकार्याने बंगळुरूचा कारखाना उभा राहिला आणि पुढे या घराण्याची घड्याळं लाखोंनी निघाली. आता झाकणं लावा आणि दोन्ही घड्याळं सुलटी करा. ‘जनता’ची पांढरी डायल, मोजका मजकूर, बारीक काटे. मास्तर, तलाठी, पोस्टमन, बँकेतले कॅशियर यांच्या मनगटावर ती वर्षानुवर्षं दिसली. ‘पायलट’ची डायल काळी, आकडे ठळक पांढरे. विमानाची पायरीही न चढलेल्या कॉलेजच्या पोरांना ती हवी असायची, आणि ती बांधली की त्यांच्या चालण्यात फरक पडायचा. पितळेची एक चकती आणि थोडी शाई, एवढ्यानं हे सगळं होतं.

*

डायल एकदा सुटी करून हातात घेऊन पाहावी. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मागे तांब्याचे दोन बारीक पाय डाख देऊन बसवलेले. ते मशीनच्या भोकांत जातात आणि बाजूच्या दोन इवल्याशा स्क्रूंनी आवळले जातात. वरचा पृष्ठभाग घासलेला असतो. चकती फिरती ठेवून मध्यापासून कडेकडे ब्रश लावला की किरणांसारख्या रेषा उमटतात. मग मनगट हललं की उजेडाची पट्टी डायलवरून फिरत जाते. त्यावर मुलामा किंवा रंग, त्यावर लॅकर, आणि सगळ्यात शेवटी छपाई.

छपाई हे खरं नाजूक काम. आकडे आणि अक्षरं धातूच्या पाटीवर कोरलेली असतात. खाचांत शाई भरून वरची पुसून घेतात. मग एक मऊ गादी, पूर्वी जिलेटिनची, आता सिलिकॉनची, ती शाई उचलते आणि डायलवर अलगद टेकवते. दहापट भिंगाखाली चांगली छपाई ओळखू येते. शाई पृष्ठभागापासून किंचित वर उभी असते, कडा सरळ असतात, इंग्रजी ‘एस’ची दोन्ही पोटं मोकळी असतात, आणि मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांना नेमक्या मधोमध भिडतात. डायल मुळातली आहे की रंगवलेली, हे ठरवताना मी बाकी काही बघण्याआधी ‘एस’ची पोटं बघतो. शाई त्यांत साचली असेल, तर बहुधा पुढे बघायची गरज पडत नाही.

*

रोलेक्सच्या जुन्या सबमरिनरवरची आणि जीएमटी-मास्टरवरची सोनेरी अक्षरं छापलेली नाहीत, हे कळलं की त्या डायलकडे बघायची नजरच बदलते. तिथे काम उलट्या बाजूने चालतं. पितळेच्या चकतीवर आधी अक्षरांच्या जागा झाकून घेतात, मग विजेच्या टाकीत चकतीवर काळा थर चढवतात, आणि नंतर झाकलेलं धुऊन काढतात. तिथलं पितळ उघडं राहतं, तीच अक्षरं. म्हणजे अक्षर काळ्याच्या वर नसून काळ्याच्या खाली आहे. त्यावर चकचकीत लॅकर.

१९६६-६७च्या सुमारास ही पद्धत मागे पडली आणि मॅट काळ्यावर पांढरी छपाई आली. घड्याळाचा मॉडेल नंबर तोच राहिला, केस तीच राहिली. तरी आधीचं घड्याळ संध्याकाळच्या समारंभात शोभतं आणि नंतरचं पाणबुड्याच्या हातातलं हत्यार वाटतं. मला सोनेरी अक्षरांची डायल जास्त आवडते. पण कामाच्या धबडग्यात वेळ पटकन वाचता येते ती मॅट डायलवरच, हेही तितकंच खरं.

*

आता सगळ्यात गाजलेलं उदाहरण. रोलेक्सचं डेटोना, मॉडेल ६२३९, १९६३ पासूनचं. आत व्हालजू ७२ या मशीनवरून घेतलेलं, हाताने चावी द्यायचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं, मशीन. हे घड्याळ दोन प्रकारच्या डायलसह मिळायचं. एक साधी, तीन छोट्या वर्तुळांत बारीक आकडे. दुसरी जरा नखरेल, ला शो-द-फाँच्या सिंगर या डायल बनवणाऱ्या कारखान्यातून आलेली. हिच्या छोट्या वर्तुळांतले आकडे आर्ट डेको वळणाचे, रेषांच्या टोकांना बारीक चौकोन, बाहेरची सेकंदांची पट्टी वेगळ्या रंगात आणि एक पायरी खाली उतरलेली. सेकंदांच्या वर्तुळात साध्या डायलवर २०, ४०, ६०, तर हिच्यावर १५, ३०, ४५, ६०. बस, फरक एवढाच.

त्या काळी ही नखरेल डायल खपेना. दुकानदारांकडे ती पडून राहायची. मग अभिनेते पॉल न्यूमन यांच्या मनगटावर ती दिसू लागली. पत्नी जोअॅन वुडवर्ड यांनी ती दिली होती, आणि मोटारशर्यतीत उतरणाऱ्या नवऱ्यासाठी मागच्या झाकणावर ‘गाडी सांभाळून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. न्यूमन यांनी ते घड्याळ पुढे मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात ते १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेलं. तोवर कुठल्याही मनगटी घड्याळाला लिलावात इतकी रक्कम आली नव्हती.

त्या रकमेत न्यूमन यांच्या नावाचा वाटा मोठा, हे उघड आहे. पण नाव बाजूला ठेवलं, कुणा अनोळखी माणसाचं ६२३९ घेतलं, तरी नखरेल डायल असेल तर त्याची किंमत साध्या डायलच्या कितीतरी पट होते. स्क्रू, चाकं, स्प्रिंगा सगळं तेच. आणि म्हणूनच या डायलच्या नकला पुष्कळ होतात. साधी डायल काढायची, दुसरी बसवायची, पाय आवळायचे. मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही.

*

कॉन्स्टेलेशन, ओमेगा, १९५२ पासून. यातल्या ‘पाय-पॅन’ डायलचा मधला भाग सपाट आणि कडेला बारा पैलू उतरते केलेले. प्रत्येक पैलूवर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे ती स्थिर ठेवली तरी स्थिर दिसत नाही. पुढच्या वर्षांत त्याच नावाखाली सपाट डायल आली. ती वाईट नाही. पण पैलूंची पाहिल्यावर हिच्याकडे परत बघावंसं वाटत नाही.

*

चाळीसच्या दशकात रोलेक्सने एक डायल काढली, वरच्या अर्ध्यात रोमन आकडे, खालच्या अर्ध्यात साधे. अंधारात घड्याळ उलटं धरलं तरी वर-खाली चटकन कळावं, हा हेतू. तिला आज ‘कॅलिफोर्निया डायल’ म्हणतात, आणि ते नाव कारखान्याने दिलेलं नाही. ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातले डायल रंगवणारे कारागीर जुन्या रोलेक्सच्या डायल याच नमुन्यात रंगवून देऊ लागले, तेव्हा ते नाव पडलं. रंगवलेल्या डायलींनी मूळ डायलला नाव द्यावं, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. त्या रंगाखाली कितीतरी चांगल्या मूळ डायली कायमच्या गेल्या, याची मात्र मला हळहळ वाटते.

*

काळ्याचं तपकिरी होणं. लॅकर आणि रंग यांचं मिश्रण कधी नीट बसत नाही. वर्षानुवर्षं ऊन लागलं की काळी डायल चॉकलेटी होत जाते. साठच्या दशकातल्या काही सबमरिनर आणि ओमेगा स्पीडमास्टर अशा पालटल्या. त्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणतात. कारखान्याच्या हिशेबाने हा दोष. पण दोन डायली कधी सारख्या पालटत नाहीत. एक चहासारखी होते, एक तांबूस, एकीचा मधलाच भाग पालटतो.

डेटोना १६५२० चंही तसंच. हे १९८८ साली आलं. याच्या काही काळ्या डायलवरच्या छोट्या वर्तुळांच्या रुपेरी कडा वर्षांनी तपकिरी झाल्या. वर लावलेल्या झापॉन लॅकरने रंग नीट राखला नाही. लिलाव व्यवसायातले ओस्वाल्दो पात्रिझी यांनी हे हेरलं आणि त्या डायलींना त्यांचंच नाव मिळालं.

*

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रेडियम म्हणतात. मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर रेडियम, गणपतीच्या मखरात रेडियम. जुन्या घड्याळांत मात्र ते खरोखरच रेडियम असायचं, आणि त्याची किंमत माणसांनी दिली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथे आणि इलिनॉयमधल्या ओटावा इथे विशीतल्या मुली डायल रंगवायच्या. ब्रशचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांत धरून वळवायला त्यांना शिकवलेलं होतं. जबड्याची हाडं सडली, कितीजणी गेल्या. त्यांच्यापैकी काहीजणींनी कंपन्यांवर खटले भरले आणि कामगारांच्या सुरक्षेचा कायदा पुढे सरकला. एखादी १९४० ची डायल हातात घेतली आणि आकड्यांवर तो पिवळसर लेप दिसला की मला त्या मुली आठवतात.

रेडियम अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात. म्हणून ती चमक गेली तरी किरणं गेलेली नसतात. गेलेलं असतं ते फक्त चमकणारं रसायन. असं घड्याळ घरी उघडू नये, लेप खरवडू नये, फुंकर मारू नये.

साठच्या दशकापासून ट्रिटियम आलं. ते १२ वर्षांच्या आसपास अर्धं होतं, म्हणून सत्तरच्या घड्याळाची चमक आज संपलेली असते, आणि तिच्या जागी लेपावर साय धरल्यासारखा पिवळट रंग आलेला असतो. स्विस डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘टी स्विस टी’ दिसलं, तर ते ट्रिटियमचंच. आता कुणी १९६५ चं घड्याळ दाखवून दिवा मालवला आणि आकडे हिरवेगार पेटले, तर लेप नवा भरलेला आहे. काट्यांवरचा लेप पिवळट आणि आकड्यांवरचा पांढराशुभ्र, किंवा उलटं, तरी तेच. काटे आणि डायल एकत्र म्हातारी झालेली असावीत.

*

विल्यम पोग हे अंतराळवीर १९७३ च्या नोव्हेंबरात स्कायलॅबवर गेले तेव्हा त्यांच्याजवळ नासाने दिलेल्या घड्याळाखेरीज स्वतःचं सेको ६१३९ होतं. पिवळी डायल, निळ्या-लाल कड्याचं, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ. अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ म्हणून त्याची नोंद होते. हेच घड्याळ निळ्या डायलमध्ये मिळायचं, रुपेरीतही मिळायचं. पण ‘पोग’ म्हणजे पिवळंच.

सेकोची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डायलच्या अगदी तळाशी, सहा वाजण्याच्या खुणेखाली, जपानच्या नावापाठोपाठ मशीनचा नंबर आणि डायलचा नंबर इतक्या बारीक छपाईत दिलेला असतो की साध्या डोळ्यांना ती रेघ वाटते. यातला मशीनचा नंबर मागच्या झाकणावरच्या नंबराशी जुळवून पाहता येतो. शिवाय आधीच्या डायलवर ‘वॉटर ७० मीटर प्रूफ’ आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘प्रूफ’च्या जागी ‘रेझिस्ट’. एका शब्दावरून घड्याळाचा काळ लावता येतो. रंगवणाऱ्याच्या हातून सगळ्यात आधी जातं ते हे तळाचं बारीक अक्षर.

*

मुंबईचं घड्याळांशी नातं जुनं आहे. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ साली मुंबईत आली, वेस्ट एंड वॉच कंपनीचाही इथे मोठा व्यवहार होता. पूर्वी ज्या दुकानातून घड्याळ विकलं जाई त्याचं नाव डायलवर छापायची पद्धत जगभर होती. न्यूयॉर्कच्या टिफनीचं, काराकासच्या सेर्पिको ई लाइनोचं नाव असलेल्या डायलींना आज जास्त पैसे मोजतात. छापलेल्या एका ओळीने घड्याळाला गाव मिळतं.

आणि आज जगभरच्या घड्याळवेड्यांत मुंबईचं नाव निघतं ते रंगवलेल्या डायलींमुळे. याचं मला वाईट वाटतं, पण त्यामागचं कारणही समजून घ्यायला हवं. कित्येक दशकं परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. सुट्या डायली मिळत नव्हत्या. पावसाळ्यात चावीच्या बाजूने दमट हवा शिरायची आणि डायलवर डाग उठायचे, बहुतेकदा तीनच्या आकड्याजवळून सुरुवात. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, ‘लग्नातलं घड्याळ आहे, नव्यासारखं करून द्या.’ कारागीर ती डायल घासून काढायचा, रंग द्यायचा, शिक्क्याने नाव छापायचा. घड्याळ नव्यासारखं व्हायचं, गिऱ्हाईक खूश व्हायचं. हाताचं कसब होतं, लबाडी नव्हती. पुढे त्याच कसबातून सेको-फाइव्ह, कॅमी, एचएमटीवर केशरी, मोरपंखी, जांभळे रंग चढू लागले आणि ती घड्याळं ‘जुनी, दुर्मीळ’ म्हणून परदेशी जाऊ लागली. हे दुसरं मला पटत नाही. गिऱ्हाइकाला सांगून रंगवणं आणि न सांगता विकणं यांत फार अंतर आहे.

*

पुण्याचा जुना बाजार, रविवार. एका चादरीवर दोन फेवर ल्युबा सी किंग. एकीची डायल गडद निळी, तुकतुकीत, नाव जाड पांढऱ्या अक्षरांत. दुसरीची मोतिया, चार-पाचच्या मध्ये एक तांबूस डाग, कडेने लॅकर बारीक सुरकुतलेलं, तळाशी ‘स्विस मेड’ अर्धं पुसट. विक्रेत्याने निळीची किंमत जवळजवळ दुप्पट सांगितली.

‘ही बघा साहेब, एकदम नवी डायल. ही दुसरी ओरिजिनल आहे, पण डाग आहे ना.’

‘मला डागाचीच द्या.’

तो जरा थांबला, मग पुन्हा निळी पुढे केली. ‘अहो, ही घेऊन जा. त्या डागाचीपण डायल करून देतो, कळणारसुद्धा नाही.’

निळीवर मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांपासून सरकलेल्या होत्या आणि ‘स्विस मेड’ कुठेच नव्हतं. डाग असलेल्या डायलवर सगळं जागच्या जागी होतं. रंगवलेली डायल बघताना मला ऑइलपेंट फासलेली वाड्याची दगडी भिंत दिसते. दगड आत असतो, पण आता तो कुणाला दिसणार नाही.

*

घड्याळाचं मशीन कितीदाही खोलता येतं. चाक झिजलं तर दुसरं बसतं, स्प्रिंग तुटली तर नवी घालता येते, आणि ते पुन्हा नेमानं चालतं. काच बदलते, पट्टा बदलतो, चावी बदलते. केसला पॉलिश मारतात, तेही कमीच मारावं, पण मारतात. यांतलं काहीही बदललं तरी घड्याळ तेच राहतं. डायल घासली की मात्र तिच्यावर बसलेली सगळी वर्षं निघून जातात आणि ती परत बसवता येत नाहीत. जुन्या घड्याळात, त्या वर्षांसकट, ज्याला दुसरी प्रत नाही असा भाग एवढाच.

*

जुन्या घड्याळांत काचमिन्याची डायल फिकट होत नाही. तांब्याच्या चकतीवर काचेची पूड ८०० अंशांच्या आसपास भाजून बसवलेली असते. शंभर वर्षांनीही पांढरी ती पांढरीच. पण पडली तर तडे जातात.

*

एचएमटीने अंधांसाठी ब्रेल घड्याळ केलं. काचेचं झाकण वर उचलायचं, डायलवर उठवलेले ठिपके, त्यांवर आणि काट्यांवर बोट फिरवून वेळ वाचायची. काटे बोटाच्या स्पर्शाने हलू नयेत इतके भक्कम लागतात. डायल किती निराळी होऊ शकते याचं मला याहून मोठं उदाहरण दिसत नाही. आणि देवनागरी आकड्यांची ‘जनता’. एक ते बारा आपल्या लिपीत, नावही आपल्या लिपीत. तिच्यावर ‘९’चं वळण इतकं देखणं पडलंय की नऊ वाजायची वाट बघावी.

सप्टेंबर २०१४ मध्ये एचएमटीचं घड्याळ उत्पादन थांबवायचं ठरल्याची बातमी आली आणि २०१६ मध्ये सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केलं. घराघरांतल्या खणांत मात्र ही घड्याळं अजून पडून आहेत.

*

अशा खणातलं घड्याळ दुरुस्तीला नेणाऱ्यांसाठी. आधी दुकानदाराला स्पष्ट सांगा: मशीन साफ करा, तेल द्या, काच बदला, डायलला हात लावू नका. ओल्या कपड्याने पुसूही देऊ नका. जुनी छपाई पाण्याने सुटते आणि नाव कपड्यावर येतं. काचेला तडा असेल तर पावसाळ्याआधी बदला, कारण डाग तिथूनही सुरू होतात. डायल इतकी गेली असेल की वेळच वाचता येत नाही, तर रंगवण्याऐवजी त्याच मॉडेलची दुसरी मूळ डायल शोधा. एचएमटीच्या जुन्या साठ्यातल्या डायली अजून मिळतात. काटे काढून दोन स्क्रू सैल केले की डायल निघते, काही मिनिटांचं काम. आणि काढलेली जुनी डायल कागदात गुंडाळून मागून घ्या. दुकानात राहिली की ती भंगारात जाते.